खालाला दाखवलेला कागद

कडा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. शाईस्ता हिस अनेक दुवा वि. वि.

पत्र बघून हसशील. कॉम्प्युटर शिकायला गेलेला भाई कागदावर कसा आला म्हणशील. हसून घे, मग दार लावून वाच.

होस्टेलवर आम्ही चौघं गंमत म्हणून लोकांचे सीसीटीव्ही कॅमेरे चोरून लॅपटॉपवर उघडायचो. दुकानं, गोठे, कुणाची गच्ची. बसल्या जागी तमाशा! एका शेडमध्ये बांधलेला माणूस दिसला. त्याला मारत होते. आमच्यासमोर तो मेला गं. ते सगळं मी लॅपटॉपमध्ये साठवलं. दुसऱ्या दिवशी चौघांच्या स्क्रीनवर आमचेच चेहरे दिसायला लागले; आता मारणाऱ्यांनी आमचे कॅमेरे उघडले होते. आमच्यातल्या सद्दामनं ग्रुपवर लिहिलं, पोलिसांत जाऊ. संध्याकाळी त्याच्या गाडीला जीपनं उडवलं. मला त्याच्या जनाज्यालाही जाता आलं नाही.

मी इथं कारखान्यामागं, खताच्या गोदामावरच्या खोलीत लपलोय. लॅपटॉप बंद करून उशाला ठेवलाय. शुक्रवारी वकील येतील, त्यांच्याबरोबर कोर्टात जाईन. तोवर माझा ठिकाणा त्या मारणाऱ्यांना कळला तर मी संपलो. फोनवर माझ्याबद्दल एक शब्द बोलू नका. उत्तर मुनव्वर मामाच्या फळांच्या टेम्पोतून दे.

अम्मीला सांभाळ, माझ्यावरचा जीव कमी करू नको.

तुझा,
अशफाक


केज,
४ फेब्रुवारी

प्रिय भाई यास शाईस्ताचा सलाम वि. वि.

सद्दामची अम्मी अजून अन्नाला शिवत न्हाई. असले उद्योग कावून केलेस? कान पिळायचेत तुझे, पण आधी सुखरूप घरी ये.

आपल्यात पत्र एकट्यानं वाचायची रीत न्हाई, तुला ठाऊकच हाय. अम्मी ऐकून लई रडली. मग म्हणाली, नेकनूरच्या अनिसा खालाला कळवल्याशिवाय घास उतरणार न्हाई. मी दटावलं, फोनवर चकार शब्द बोलायचा न्हाई. अम्मीनं ते पाळलं बरं का! व्हिडिओ लावला, तोंडाला ओढणी लावली आणि तुझा कागद फोनसमोर धरला. खालानं मनातल्या मनात वाचला. कुणी हूं का चूं केलं न्हाई. हाय की न्हाई आपली अम्मी हुशार?

शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. मामाला चाखू देऊ नको, डबा रिकामा होईल.

माया आहे तशी राहू दे.

तुझीच,
शाईस्ता


कडा,
५ फेब्रुवारी

शाईस्ता, दुवा.

बोलू नका एवढंच लिहिलं, दाखवू नका लिहायचं मीच विसरलो. आपल्या फोनच्या कॅमेऱ्यातून ते केव्हापासून बघतायत. आत्ता टेम्पो फळांनी गच्च भरलाय, लपायला जागा नाही. मामाला म्हणावं, तिथं टेम्पो रिकामा कर आणि तसाच मागं फिर. त्याच्याबरोबर निघतो.

काहीही झालं तरी हे कशामुळं झालं ते अम्मीला कळू देऊ नको. तुला माझी कसम.

अशफाक


केज,
६ फेब्रुवारी

भाई, सलाम.

हे पत्र कुठं पाठवू?

मामा गेला तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. तुझ्या चपला उंबऱ्यापाशी, चटणीचा डबा तसाच. लॅपटॉप चालू होता. त्यावर अम्मी दिसत होती म्हणे, तोंडाला ओढणी लावून, कागद धरून. मामा धाय मोकलून रडत आला. मी त्याला बाहेरूनच परत धाडलं.

आत अम्मी विचारत होती, भाईचं पत्र आलं का. मी वहीतला कोरा कागद उघडला आणि वाचलं की मी खुशाल हाय, चटणी झकास होती, शुक्रवारी येतो.

अम्मीचा चेहरा लई खुलला रे. म्हणाली, आण तो कागद, खालाला दाखवू. आणि तिनं फोन उचलला.

शाईस्ता