जिन्यात बोलू नये

ओस्लो, रविवार दुपार

तीर्थरूप टोर्डिसताईस,

कंबर धरलेल्या माणसाला जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (हे वाकणं फार नाही, पण त्यातला भाव पुरेपूर धरावा.)

तुझा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का? भाऊजींचा खोकला थांबला असेल, निदान तू तो ऐकायचं तरी थांबवलं असशील. तुमच्या वाद्सोत अजून खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ असणार आणि भाऊजी रोज सकाळी फावडं घेऊन त्याच्याशी भांडत असणार. माझी प्रकृती कंबर सोडून उत्तम आहे. खालच्या मजल्यावरच्या खोलीला तू माझ्यासाठी पिवळा रंग दिलास, त्याचा फोटो पोचला. रंग छान आहे. पलंगही छान आहे. पलंगाशेजारी तू आमच्या लग्नातला फोटो आधीच टांगून ठेवला आहेस, हेही पाहिलं. 'माग्नहिल्डच्या मागे एकटा किती कुढत बसणार आहेस, घर वीक आणि इकडे ये, पंधरा मार्चपर्यंत काय ते कळव,' असं तू लिहिलं होतंस, आणि आज अठ्ठावीस तारीख आहे. उशीर का झाला ते सांगायलाच हे पत्र आहे. सगळं वाच. भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

ताई, तू इतकी वर्षं उत्तरेत राहून बिघडली आहेस. तुमच्याकडे माणूस दिसला की आधी हाक मारतात आणि मग तो कोण ते बघतात, त्यामुळे आमच्या इमारतीचा जिना आता तुला समजायचा नाही. इथे बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायचा. जिन्यात पावलं वाजत असली, तर ती पार खाली जाईपर्यंत कोट-टोपी घालून आत घामाघूम होत उभं राहायचं. तरीही कोणी समोर आलंच, तर भिंतीवर काहीतरी फार महत्त्वाचं लिहिलं आहे अशा नजरेने भिंतीकडे बघत निघून जायचं. यात राग नाही, तुसडेपणा नाही. समोरच्याला आपला त्रास होऊ नये एवढीच इच्छा. माझ्या समोरच्या दारात अकरा वर्षं एक बाई राहतात. टपालपेटीवर 'ए. स्कोगस्ताद' एवढंच लिहिलेलं. अकरा वर्षांत मला कळलं ते इतकंच, की त्या शुक्रवारी मासे तळतात आणि सातच्या बातम्या मोठ्याने लावतात. माग्नहिल्ड गेली तेव्हा माझ्या दाराशी त्यांनी जांभळ्या फुलांची एक कुंडी ठेवली होती, चिठ्ठीशिवाय. फुलं संपल्यावर मीही ती कुंडी घासून, पुसून, चिठ्ठीशिवाय त्यांच्या दाराशी परत ठेवली. त्याला सहा वर्षं झाली. आमच्या जिन्याच्या मानाने ही अगदी घरोब्याची ओळख म्हणायची.

जंगलात मात्र नेमका उलटा कायदा. गाड्या आत जाऊ नयेत म्हणून पायवाटेच्या तोंडाशी जे फाटक आहे, ते ओलांडलं की समोरून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार केलाच पाहिजे. नाही केला तर माणूस आजारी आहे किंवा परदेशी आहे असं समजतात. (फाटकाच्या अलीकडे तोच नमस्कार केला तर दारू प्यायला आहे असं समजतात. अंतर फार तर दहा पावलं.) तर सात मार्चच्या रविवारी या वर्षीचं पहिलं खरं ऊन पडलं आणि मी तुझ्या पत्राचा विचार करायला म्हणून फिरायला गेलो. छपरांवरून पाणी ठिबकत होतं, वाटेच्या कडेने ओहोळ सुटले होते, आणि समोरून निळी टोपी घातलेल्या ए. स्कोगस्ताद येत होत्या. माझी पाचावर धारण बसली. मागे वळावं तर वाट एकच. पण कायदा तो कायदा. मी "नमस्कार" म्हणालो, त्या "नमस्कार" म्हणाल्या, आणि आम्ही दोघं चोरी करताना सापडल्यासारखे आपापल्या दिशेने सुटलो.

आता तळ्याकाठचं ते वाफलघर तुला आठवत असेल. त्याची दक्षिणेकडची भिंत अजून तशीच आहे आणि मार्चमधल्या उन्हाच्या रविवारी निम्मं शहर तिथे पाठ टेकून, डोळे मिटून, तोंड वर करून वाळत पडलेलं असतं. मी गरम, जाळीदार वाफल आणि तपकिरी चीज घेऊन बाहेर आलो तर जागा एकच रिकामी, आणि तिच्या शेजारी निळी टोपी. (त्या दुसऱ्या वाटेने वळून तिथेच आल्या होत्या.) मी घुटमळलो. त्यांनी डोळे न उघडताच आपलं बसकर बोटभर पलीकडे सरकवलं. आपल्या लोकांत बोटभर म्हणजे किती ते तुला सांगायला नको. मी बसलो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तुमच्या थर्मासचं झाकण गळतं."

मी म्हणालो, "दहा वर्षं गळतंय."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, "जिन्यात थेंब पडलेले असतात. मी पुसते."

ताई, त्या दिवशी मला कळलं की ए. म्हणजे एल्फ्रिड. त्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि आता निवृत्त आहेत. रानबदकांच्या आवाजावरून त्या तळ्यातला बर्फ किती दिवसांत फुटणार ते सांगतात आणि ते खरं ठरतं. पुढच्या रविवारी आम्ही ठरवून भेटलो नाही. ठरवायचं तर जिन्यात बोलावं लागलं असतं. आम्ही एकाच स्टेशनवर, एकाच गाडीसाठी, फलाटाच्या दोन टोकांना उभे राहिलो, वेगवेगळ्या डब्यांत चढलो, शेवटच्या स्टेशनपासून फाटकापर्यंत वीस पावलांचं अंतर राखून चाललो, आणि फाटक ओलांडताच त्या मागे वळून म्हणाल्या, "अरेच्चा! तुम्हीसुद्धा?" मीही तितकंच आश्चर्य व्यक्त केलं. मग चार तास आमचं तोंड बंद नव्हतं. परत येताना फाटकाशी बोलणं तोडलं, अगदी वाक्य अर्धं असताना, आणि त्या आधी घरी पोचाव्यात म्हणून मी कोपऱ्यावर उभा राहून हिवाळ्यात बर्फावर टाकलेली वाळू झाडणारं यंत्र कसं चालतं ते पाऊण तास पाहिलं. फार चांगलं चालतं.

एकविसाव्या तारखेला तर कमालच झाली. वाटेत थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "निळी फुलं उमललीत. माझी एक जागा आहे." ताई, आपल्या आईने तिची निळ्या फुलांची जागा आपल्याला तरी सांगितली का? न सांगताच गेली बिचारी. आणि इथे ही बाई मला जागा दाखवायला निघाली होती! पुढे जाण्याआधी त्यांनी विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना?" मी छाती काढून म्हणालो, "मी चाळीस वर्षं नकाशा कचेरीत होतो." त्या म्हणाल्या, "म्हणून तर विचारते."

वाट उताराची होती. वर गेल्या वर्षीची पानं, खाली चिखल, आणि चिखलाखाली दबा धरून बसलेला बर्फ. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहून विचारलं, "काटे कुठे आहेत?" आता खरं सांगतो, काटे मी मुद्दाम घरी ठेवले होते. बुटांना काटे बांधले की माणूस म्हातारा दिसतो. मी म्हणालो, "आता वसंत आला की!" त्या म्हणाल्या, "अर्धा आलाय. उरलेला अर्धा तुमच्या पायाखाली आहे." हे वाक्य पुरतं होण्याआधीच मी खाली बसलो, आणि बसल्याबसल्या निघालो. ज्या उतारांच्या रेषा काढण्यात माझा जन्म गेला तसला एक उतार मी बुडावर उतरलो, एक बेरीचं झुडूप सोबत घेऊन, आणि थांबलो तेव्हा माझ्या बुटाच्या टोकापासून चार बोटांवर निळी फुलं होती. जमिनीलगत, केसाळ देठांवर, कोवळी, शेकड्यांनी. वरून आवाज आला. मला वाटलं त्या रडतात. त्या हसत होत्या, झाडाला धरून, टोपी सरकेपर्यंत हसत होत्या. मग खाली येऊन त्यांनी मला उठवलं, अर्धं संत्रं सोलून दिलं आणि म्हणाल्या, "एकही फूल मोडलं नाहीत. चांगले पडता तुम्ही." ताई, तुला सांगायला लाज कसली? माग्नहिल्ड गेल्यानंतर मी कुणाला हसवलं नव्हतं. मला वाटलं होतं ते माझ्यातून गेलंच.

आणि मग मंगळवारी मी सगळ्याची माती केली. सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन, कठड्याला धरून, पायरी-पायरीने उतरत होतो. कंबरेच्या नादात दाराला कान लावायला विसरलो. खालून एल्फ्रिड येत होत्या. जिन्याच्या खिडकीतून ऊन पडलेलं, त्यांच्या डोक्यावर तीच निळी टोपी, आणि मी कुठे उभा आहे याचं मला भानच राहिलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "नमस्कार! काय सुंदर ऊन पडलंय!" तेही जंगलातल्या आवाजात. चार मजले घुमले. त्यांच्या हातातली पिशवी पडली, बटाटे पायऱ्या मोजत खाली गेले, तळमजल्यावरच्या ब्युर्नारने दार किलकिलं करून विचारलं, "कोणी पडलं का?" आणि एल्फ्रिड लालबुंद होऊन, भिंतीकडे बघत, माझ्या शेजारून वर गेल्या. दार लागलं. बटाटे मी गोळा केले आणि त्यांच्या दाराशी ठेवले, चिठ्ठीशिवाय.

त्यानंतर चार दिवस त्यांच्या दाराची चाहूल घेतल्याशिवाय मी बाहेर पडलो नाही. आज तर त्यांची गाठ पडू नये म्हणून एक गाडी आधीच गेलो, आणि मग मूर्खासारखा फाटकाशी त्यांची वाट पाहिली. त्या आल्या नाहीत. मी एकटाच चाललो, एक्केचाळीस लोकांना नमस्कार केला, भिंतीशी बसलो, आणि शेजारी कोणीही बसलं नाही तरी माझं बसकर बोटभर सरकवून ठेवलं होतं.

तेव्हा ताई, उत्तर असं : मी येतो. दहा एप्रिलला निघतो. घराचं काम दलालाकडे देतो. हे काही या प्रकरणामुळे नव्हे. वसंत काय, सगळीकडे सारखाच. पिवळा रंग खरोखर छान आहे. भाऊजींना सांग, दुसरं फावडं काढून ठेवा.

तुझा धाकटा भाऊ,
आर्नफिन

ता.क. सोमवार. पत्र टाकायला खाली उतरलो तर माझ्या टपालपेटीत घडी घातलेला कागद. आमच्याकडे पेटीत कागद म्हणजे कपडे धुण्याच्या खोलीबद्दल तक्रार, म्हणून चष्मा न लावताच खिशात घातला. पत्राला तिकीट लावायचं राहिलं होतं म्हणून घरी परत आलो, तेव्हा वाचला. जसाच्या तसा उतरवतो : 'मंगळवारी मी दचकले. या जिन्यात अकरा वर्षांत माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. उत्तर काय द्यावं ते ठरवायला गुरुवार उजाडला. गुरुवारी आणि शुक्रवारी मी कोट घालून माझ्या दाराआड उभी होते, पण तुम्ही बाहेरच पडेनात. रविवारी बरोबर खाली उतरावं म्हणून साडेनऊपासून उभी होते. अकरा वाजता कोट काढला. उत्तर असं : होय, ऊन फार सुंदर होतं. बटाट्यांबद्दल आभार. एल्फ्रिड.' ताई, गुरुवारी आणि शुक्रवारी मीही कोट घालून माझ्या दाराआड उभा होतो. मध्ये जिना होता, तीन पावलांचा.

ता.क. २. बुधवार. आम्ही चारही मजले बोलत उतरलो. ब्युर्नार बाहेर येऊन म्हणाला, "आग लागलीय का?" एल्फ्रिड म्हणाल्या, "नाही, फिरायला चाललोय. तुम्हीही या." तो घाबरून आत गेला, पण पाच मिनिटांनी खिडकीतून टोपी शोधताना दिसला. वरचं 'मी येतो' खोडून तिथे दुसरं लिहायला जागा नाही, तेव्हा ते तूच खोड. दलालाला मी काही कळवलेलं नाही.

ता.क. ३. आता खरं काम. तुमच्याकडे वसंत मे संपताना येतो असं मी सांगितल्यावर एल्फ्रिड म्हणाल्या, म्हणजे एका वर्षात दोन मिळतील की. तेव्हा मेअखेरीस आम्ही दोघं येऊ, आठ दिवस. पिवळी खोली त्यांना दे, मला स्वयंपाकघरातला बाक पुरे. लग्नातला फोटो काढू नकोस, त्यांनी विचारलं होतं माग्नहिल्ड कशी होती. फक्त एक कर ताई. आम्हाला दारात भेटू नकोस. दारात मला एल्फ्रिडची ओळख करून देता यायची नाही, जीभच वळणार नाही, आणि तू रडशील. आम्ही बसमधून उतरून टेकडीच्या वाटेने येऊ. तू गुडघा सांभाळत समोरून ये, सहज फिरायला निघाल्यासारखी, आणि गप्प राहा. या वेळी मला आधी बोलायचं आहे.