लाडूबाईचा आवाज

मानेवाडा, नागपूर
२७ डिसेंबर

प्रिय पायल,

बाबांचा डोळा आता चांगला आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगते. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना समोरच्या गच्चीवर कुणाची चादर वाळत घातली आहे तेही दिसतं आणि माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय तेही दिसतं, आणि या दुसऱ्या गोष्टीचा मला फार ताप झाला आहे. हिवाळाभर त्यांना उमरेडहून माझ्या खोलीवर आणलंय. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांच्या चालीला नावं ठेवतात. तुझ्या घरी सिंधूकाकूंना त्यांचा नमस्कार सांग. काकूंवर माझा राग नाही. त्यांच्या हातच्या वडाभाताची आठवण येते, तिच्यामागून तुझी येते, म्हणून सध्या मी वडाभातच सोडून दिला आहे.

आपलं पहिलं वर्ष तुला आठवत असेलच. नाताळच्या सुट्टीत हर्षवनला रोज खेळ करणारी माणसं हवी होती आणि बुटीबोरीच्या अलीकडच्या त्या पार्कात इतक्या लांब यायला नागपुरातलं कुणी नाटकवालं तयार नव्हतं, म्हणून आपला नंबर लागला. कॉलेजच्या गॅदरिंगपलीकडे आपण केलं काय होतं? पण तुझा आत्मविश्वास काय वर्णावा. सुट्टीच बंद करून टाकणारा एक राजा आणि ती परत आणणारी गावंढळ लाडूबाई, अशी गोष्ट तू एका दुपारी लिहून काढलीस, मिशी चिकटवून स्वतः राजा झालीस आणि पोटाला उशी बांधून मला लाडूबाई केलंस. पाठांतर चोख, कपडे झकास, आणि पहिल्याच खेळाला आपली फजिती. पार्कातल्या त्या चौकाच्या एका बाजूला तो उंच पाळणा, त्यावरच्या किंकाळ्यांत आपलं एक वाक्य धड पुरं होईना. दुसऱ्या बाजूला लाटांचा तलाव. लाटा सुटायच्या आधी तिथं भोंगा वाजतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तू हात उंचावून आजपासून सुट्टी बंद असं फर्मान काढलंस, भोंगा वाजला, आणि ओल्या कपड्यांतलं सगळं पब्लिक तलावाकडे धावत सुटलं. चौकात उरलो राजा, लाडूबाई आणि घरच्यांच्या चपला राखत बसलेल्या एक आजीबाई. तू तिकीटघराच्या मागं जाऊन रडलीस. मिशी सरकून गालावर आली होती.

त्या संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. तरुणपणी हिवाळा आला की ते हातमाग बंद ठेवून खडी गंमतवाल्यांबरोबर गावोगाव जायचे. उभ्याउभ्या करायचा खेळ, पडदा नाही, विंग नाही, चारी बाजूंनी माणसंच माणसं. माझं रडगाणं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणाले, "आधी लोकं पाय, मंग तोंड उघड." दुसऱ्या दिवशी आपण तेच केलं, आधी लोकांकडे नीट पाहिलं. भोंग्याची वेळ झाली की तू मुद्दाम तेव्हाच फर्मान काढायचीस, लोक पळायचे, आणि मी मागून ओरडायची, "राजेसाहेब, तुमची परजा त पळाली नं!" पळणारे हसत मागं वळायचे, भिजून आले की शेवट पाहायला परत उभे राहायचे. पाळण्यावरच्या किंकाळ्या आपण राजाच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या करून टाकल्या. पार्कचे कार्यक्रम पाहणारा तो अमोल, आधी आपल्याला घालवून द्यायला निघाला होता, तोच पाहुण्यांना सांगू लागला की भोंग्याची कल्पना मुळात त्याची.

मला तर वाटतं, आपला खरा तालीममास्तर ती गर्दीच होती. सकाळी शाळांच्या सहली यायच्या, एका रंगाच्या टोप्या घातलेली पोरं, आणि हसू नका रे म्हणून डोळे वटारणारे सर. तिथं मी आधी त्या सरांनाच जावईबापू करून टाकायची. सर हसले की पोरं सुटायची. दुपारी बुटीबोरीच्या कारखान्यांतली कुटुंबं, कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं. त्यांच्यापुढे तू मिशीनं बोलायचीस आणि मी पोटानं, मध्ये थोडं मोडकं हिंदी. रविवारी संध्याकाळी नागपुरातून तुमच्या सदर भागातली मंडळी, मागं उभी राहून शेजारचा हसला की मगच हसणारी. नाताळच्या दिवशी तर मुंगीला शिरायला जागा नव्हती, रिंगण कुठून धरणार? तेव्हा पाळण्याच्या रांगेलाच प्रेक्षक करायचं ही अक्कल तुझी, ते मी कधी नाकारणार नाही. रांग पुढं सरकत होती आणि आपण तिच्या कडेकडेनं खेळ करत मागं चाललो होतो. कुणाला आधी शेवट दिसला, कुणाला नुसती मधली हाणामारी, पण ताटकळलेली माणसं काय खूश झाली! परतीच्या बसमध्ये आपल्या दोघींचा घसा बसला होता आणि तरी आपण बोलतच होतो. त्या दिवशी तू म्हणाली होतीस की लाडूबाई आणि राजा म्हातारे होईपर्यंत इथंच राहतील. मी ते खरं मानलं.

मग यंदा पावसाळ्यात चौकावर ते सभागृह उभं राहिलं. गार हवा, मऊ खुर्च्या, मागं भिंतभर पडदा. अमोल म्हणाला की आता दिवे कॉम्प्युटरवर चालणार, म्हणून प्रत्येक खेळ अगदी एकसारखा झाला पाहिजे. मी विचारलं, अंधारात मला माणसं दिसणार कशी? तू तिथं काहीच बोलली नाहीस. तू आणि गप्प, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. बाहेर आल्यावर मात्र मला समजावत राहिलीस की एकदा सगळा खेळ सदरच्या स्टुडिओत बोलून ठेवू. मी नाही म्हणाले तेव्हा माझा दंड धरून म्हणालीस, "लाइटवाल्यासाठी पायजे वं फक्त. त्याले अंदाज येते." तुझ्या शब्दावर मी गेले.

त्या स्टुडिओतल्या खोलीत मला एक शब्द फुटेना, आठवतं? चारी भिंतींना काळा स्पंज, समोर माणूस नाही. दोनदा, तीनदा सुरू करून सोडून दिलं. तिथला माणूस वैतागला. तेव्हा तू काचेपलीकडे येऊन उभी राहिलीस आणि एकटीनं सगळी गर्दी केलीस. सहलीतलं पोर झालीस, डोळे वटारणारे सर झालीस, पर्स छातीशी धरून मागं उभी राहणारी सदरची बाई झालीस. भोंग्याच्या वेळी खरोखर पळून दाखवलंस. मग माझी गाडी जी सुटली! तसं बोलणं मला चौकातसुद्धा कधी जमलं नव्हतं. शेवटाकडे तू बोटाची मिशी केलीस आणि मला वाक्याच्या मधोमध हसू फुटलं. मी म्हटलं हे परत घेऊ. तू म्हणालीस, राहू दे, लाइटवाल्यासाठी तर आहे.

त्यानंतर बाबांच्या डोळ्याचं निघालं आणि मला उमरेडला जावं लागलं. एसटीपर्यंत सोडायला तूच आलीस. "तू जाय. इकडचं मी पाहून राहिली ना," हे तुझे शब्द. मी निर्धास्त गेले. बाबांना थेंब घालता घालता लाडूबाईसाठी नवी उत्तरं जुळवत बसायची आणि तुला पाठवायची. तुझी उत्तरं आधी उशिरा येऊ लागली, मग नुसता अंगठा, मग तोही नाही. परत आले तर अमोलनं पार्कच्या दारातच सांगितलं की यंदा स्टेजवर नाचणाऱ्या मुली आहेत, उंचीला सारख्या. तुझं काय, म्हणून मी घाबरून विचारलं. मला वाटलं तुलाही काढलं. तो बाजूच्या फलकाकडे पाहत राहिला. तिथं दिग्दर्शक म्हणून तुझं नाव होतं. मी तुला किती फोन केले ते तुझ्या फोनला माहीत. सदरला घरी आले तेव्हा काकू म्हणाल्या, आत्ताच बाहेर पडली. तुझ्या रोजच्या सँडल दारात होत्या. काकूंची नजर खाली गेली आणि मी पाणीसुद्धा न घेता जिना उतरले.

तरी मी मनाची समजूत घातली. दोघींपैकी एकीलाच ठेवणार असतील, तर तू काय करणार? नोकरी गेली एवढंच समजून मी बसले असते. पण बाबांना नव्या डोळ्यानं पार्क पाहायचं होतं आणि मलाही, खोटं काहून बोलू, लाडूबाईचं काय झालं ते पाहायचं होतं. गेल्या रविवारी आम्ही दोघं तिकीट काढून त्या सभागृहात जाऊन बसलो. अंधार झाला. एक सडपातळ मुलगी पोटाला उशी बांधून आली, तिनं तोंड उघडलं आणि माझा आवाज आला.

मला आधी कळलंच नाही. बाबांनी मात्र पहिल्या वाक्याला मान वळवली. स्टेजकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "हा त तुया आवाज हाये वं. मंग तू इथं काहून बसली?" पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मी बाबांचा हात दाबला आणि समोर पाहत राहिले. भोंगासुद्धा आता टेपमधलाच आहे. तो वाजला, एक माणूस खुर्चीतून हलला नाही, आणि वरच्या स्पीकरमधून मी ओरडले की राजेसाहेब, तुमची परजा त पळाली नं. कुणी हसलं नाही. हसायचं कशाला, सगळे गार हवेत बसून मक्याच्या लाह्या खात होते. मग लाडूबाईनं विचारलं, सुट्टी कोणाले पायजे? एक चिमुरडी उभी राहून म्हणाली, मले, मले, माझी तर शाळापण नको. पायल, या उत्तरावर चौकात आपण पाच मिनिटं खेळवलं असतं. तिच्या बोलण्यावरूनच माझा आवाज पुढं निघून गेला. ती पोर उभीच राहिली, मग आईनं तिला खाली बसवलं. माझ्या ओठांवर तिच्यासाठी उत्तर आलं होतं आणि मी तोंडावर पदर धरला.

आणि शेवटी ते हसू. तुझ्या बोटाच्या मिशीवर फुटलेलं. तेही ठेवलंस तू. त्या मुलीनं बिचारीनं ते बरोबर पाठ केलंय, खांदे हलवून हसते. माझ्या जागी दुसरी आली याचं दुःख मी गिळलं असतं. माझा आवाज अमोलनं चोरला असता तर मी भांडले असते आणि विसरले असते. पण तो मी अमोलसाठी बोललेच नव्हते, लाइटवाल्यासाठीही नव्हते. मी तुझ्या तोंडाकडे पाहून बोलत होते, आणि तू काचेपलीकडून हसत होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं की हे कशासाठी चाललंय. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तेव्हापासून मला एक भलतीच खोड लागली आहे. दुकानात, शेजारी, बाबांशी, कुठंही सहज काही गमतीचं बोलून गेले की मी थांबते आणि समोरच्याकडे पाहते, हा माणूस खरंच हसतोय का म्हणून. बाबांना ते कळलंय. उमरेडच्या त्यांच्या जुन्या सोबत्यांना तीळसंक्रांतीला खडी गंमत करायची आहे, त्यात उभी राहा म्हणून माझ्या मागं लागलेत. मी अजून हो म्हटलेलं नाही. तोंड उघडायची भीती वाटते, आणि ही भीती मला तू दिलीस.

काल तुझा मेसेज आला. इतक्या दिवसांनी नाव दिसलं आणि मी वेडी, मला आनंद झाला. वाटलं, चुकलं म्हणशील. तुला हवी होती ती नव्या वर्षाच्या खेळासाठी लाडूबाईची चार नवी वाक्यं. त्या मुलीचा आवाज टेपशी जुळत नाही म्हणालीस, सदरला यायला जमत नसेल तर घरूनच फोनवर बोलून पाठव, कसं बोलायचं ते तुला सांगायला नको, आणि खाली एक हसरा चेहरा. मी फोन तोंडापाशी धरला होता, पायल. तुला अशी फैलावर घेणार होते की बाबांनी खिडकीतून वळून पाहिलं असतं. बटण दाबलं, आणि पहिला शब्द निघायच्या आत सोडून दिलं. रागावलेली लाडूबाईसुद्धा तू कुठंतरी लावून टाकली असतीस. म्हणून खाली जाऊन कागद आणला आणि हे सगळं लिहून काढलं. तू वाचशील तेव्हा तुला माझा आवाज ऐकू येईल, मला माहीत आहे, मी कुठं थांबते आणि कुठं चढते ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तो ऐक. यापुढं तुला तो एवढाच मिळेल, आणि हा कुणाला वाजवून दाखवता येणार नाही.

तुझीच होते,
कामिनी