मेडशीच्या घाटातली न्यूट्रल

उस्ताद, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला मराठी काय, कुठलंच अक्षर वाचता येत नव्हतं. तरी तुम्हालाच लिहितोय, कारण दुसऱ्या कोणाला हे सांगायची माझी छाती नाही. तुमचा मुलगा अकोल्याच्या दवाखान्यात चार दिवसांपासून डोळे मिटून पडलाय. बरगड्या मोडल्यात, डोक्याला मार आहे. डॉक्टरांना विचारलं की ‘बघू’ म्हणतात. मी बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून आहे. ज्या गाडीने त्याची ही गत केली, ती गाडी माझ्या हातची आहे.

अर्धवट सांगितलेलं तुम्हाला खपायचं नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मालेगावच्या आपल्या गॅरेजमध्ये खड्ड्यात उतरून गिअरबॉक्स खोलायला तो कधी तयार झाला नाही. त्याला स्टिअरिंगच पाहिजे होतं, आणि त्यावरून तुम्ही दोघं वर्षभर एकमेकांशी धड बोलला नव्हता. पण ड्रायव्हर तो चांगला निघाला. दहाचाकी गाडी, शेलूबाजारहून माल भरायचा आणि अकोल्याला उतरवायचा, हे इतकी वर्षं केलं. मागच्या वर्षी त्याचा डावा गुडघा गेला. क्लच दाबला की तोंडातून हाय निघायची. डॉक्टरांनी सांगितलं, क्लच सोड, नाहीतर पाय सोड. त्या दिवशी तो माझ्या गॅरेजवर आला, जुन्या टायरवर बसला आणि चहासुद्धा घेईना. म्हणाला, “भाऊ, मले दुसरं काहीच येत नाही. तू माह्या बापाचा शागिर्द हाय. काहीतरी कर.”

मी केलं. गाडीचा क्लचचा पेडलच काढून टाकायचा, गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा, आणि पाय व हात जे काम करतात ते हवेच्या सिलिंडरांकडून करून घ्यायचं, असं एक किट मिळतं. सीटखाली एक डबा बसतो, तो गाडीचा वेग आणि इंजिनचे फेरे मोजतो आणि गिअर टाकायचा की काढायचा ते स्वतःच ठरवतो. ड्रायव्हरच्या हाताशी उरतो फक्त एक छोटा खटका: पुढे, मागे, न्यूट्रल. किटबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर आला होता, पोरसवदा, पण हात साफ. तीन आठवडे आम्ही दोघं गाडीखाली होतो. तुम्ही मला गॅरेज उघडताना दिलेली ती लांब सळई, जिचं एक टोक गिअरबॉक्सच्या केसिंगला आणि दुसरं कानाला लावून तुम्ही गिअरचा कुठला दात झिजला ते सांगायचात, ती मी काढली. कान लावला तर नुसता हवेचा फुसफुस आवाज. मला काही म्हणजे काही कळेना. पण गाडी चालली, उस्ताद. पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा तुमचा मुलगा डावा पाय सीटवर दुमडून बसला होता आणि हसत होता. किती महिन्यांनी हसला असेल. मला इतका आनंद झाला की मी पेढे वाटले.

जाताना इंजिनिअरने एक गोष्ट दोनदा सांगितली होती. गाडी वेगात असताना न्यूट्रल मारली तरी डबा ती मानत नाही, त्यासाठी एक लॉक आहे, पिवळ्या वायरचा. त्याला हात लावायचा नाही. आरटीओच्या पासिंगला गाडी गेली तेव्हाही तो लॉक होता.

आता मला तुमची ती चापट आठवते. मी विशीतला, नवीनच आलेलो. एका गाडीचा गिअरबॉक्स चढवून आपण मेडशीच्या पुढच्या घाटात ट्रायल घेत होतो, मी स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी. उतार लागला आणि मी मोठ्या रुबाबात न्यूट्रल मारली, सगळे मारतात तशी. डिझेल वाचतं, गाडी कशी अलगद पळते, आणि त्यात एक मर्दुमकीही वाटते. तुमचा हात गिअरच्या दांड्यावर आला, रेस द्यायला लावून तुम्ही गिअर पकडला, आणि घाट संपल्यावर गाडी बाजूला घ्यायला लावून कानाखाली वाजवली. “इंजिन चाकाले बांधलेलं असते तवाच गाडी तुह्या हातात असते. सोडलं का मंग ते फकस्त वजन हाय, समजलं काय बे? जा. जिथून न्यूट्रल मारली तिथलोक पायी जा, अन् तिथला गोटा घेऊन ये.” भर उन्हात मी तो चढ चढलो. गोटा आणून दिला, तुम्ही तो गॅरेजच्या ओट्यावर ठेवलात. तिथे आधीच तीन होते, दोन माझ्या आधीच्या शागिर्दांचे आणि एक तुमच्या मुलाचा.

म्हणजे माहीत त्यालाही होतं आणि मलाही. तरी दिवाळीनंतर तो आला. मेडशीच्या चहाच्या टपरीवर ड्रायव्हर लोक त्याला छळत होते. बिनक्लचची गाडी म्हणजे लेडीज स्कूटर, म्हणत होते. न्यूट्रल मारायचीबी परवानगी नाही काय तुले, डबा मालक अन् तू नोकर. तो मला म्हणाला, “भाऊ, तेवढा लॉक काढ ना. मी का पोट्टा हाओ? उतारावर गाडी बांधल्यावानी चालते.” मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा आला तेव्हाही नाही म्हणालो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “अब्बाले दोन मिन्टात जमलं असतं. तुले येत नसंल तर राहू दे.” माझा अहंकार तिथेच दुखावला. खरोखर दोन मिनिटांचं काम होतं. मी पक्कड घेतली आणि पिवळी वायर तोडली.

सोमवारी सकाळी सोयाबीन भरलेली गाडी घाटात उतरत होती. मागून येणाऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, इंजिनचा आवाजच नव्हता, गाडी नुसती घरंगळत होती. ब्रेक तापून धूर निघायला लागला. त्याने न्यूट्रलवरून खटका पुढे केला असणार, एकदा नाही, दहादा केला असणार. पण त्या वेगाला गिअर टाकला तर इंजिन फुटेल, हे डब्याने मोजलं आणि गिअर टाकलाच नाही. डब्याचं बरोबर होतं. जुना दांडा असता तर तुमच्या मुलाने रेस देऊन, दात खरडत का होईना, गिअर पकडला असता. ते तुम्हीच त्याला शिकवलं होतं. शेवटी त्याने गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराच्या अंगाला घातली. समोरून एसटी येत होती, तिला खरचटलंही नाही.

चाची रोज सकाळी मालेगावहून बसने येते. मी मटण खात नाही म्हणून मी कामाला लागलो त्या पहिल्याच दिवशी तिने तुमच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी एक वेगळं पातेलं ठेवलं होतं, आठवतं ना? तुम्ही तिची थट्टा करायचात, की या पातेल्याला कुलूप लाव. ती अजून त्याच पातेल्यात माझी भाजी करते. लेक आत पडलेला आणि ही बाई माझ्यापुढे जेवणाचा डबा उघडते. “खा बेटा. तू कायले रडून राह्यला? तू त त्याच्यासाठीच केलं ना सगळं. मशीनच खराब निघाली, त्याले तू काय करशीन.” आणि मी जेवतो, उस्ताद. घास घशाखाली उतरत नाही म्हणतात, माझा उतरतो.

मधे थांबलो होतो. नर्स बाहेर आली. त्याने डोळे उघडले. चाचीने भिंतीला धरून रडायला सुरुवात केली आणि तिथली अनोळखी माणसंही तिच्याभोवती गोळा झाली. तो बोलतोय, थोडं थोडं. चाची आत जाऊन आली आणि म्हणाली, “चाल लवकर, तुलेच बलावून राह्यला. भाऊ कुठी हाय, भाऊ कुठी हाय, एवढंच म्हनते.” मी म्हणालो, आलोच.

पण गेलो नाही. एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे, ती सांगितल्याशिवाय मला उठता येत नाही. अपघाताची बातमी आल्यावर मी आधी दवाखान्यात नाही, घाटात गेलो. पोलिसांचा पंचनामा व्हायचा होता. मी मिस्त्री, गाडी माझ्या हातची, मला कोणी अडवलं नाही. सीट उचलली आणि पिवळ्या वायरची दोन्ही टोकं सोलून जोडली, वर काळी टेप मारली, टेपला धूळ चोळली. सीटवर त्याचं रक्त होतं. त्या इंजिनिअरचा रोज फोन येतो, बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली आहे. “दादा, लॉक चालू होता ना? आठवून सांगा ना.” मी दर वेळी सांगितलं, चालू होता. आता हे खोटं आहे हे जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातला एक आत शुद्धीवर आलाय. तो मला वाचवायला स्वतःचीच चूक म्हणेल की खरं सांगेल, मला कळत नाही.

चाची पुन्हा आली होती. “एवढं काय लिवून राह्यला? कोनाले?” मी म्हणालो, दवाखान्याचा कागद आहे. तुमचं नाव तिच्यासमोर माझ्या तोंडातून निघालं नाही. ती दाराशी उभी आहे, माझी वाट पाहत, आणि मी मान खाली घालून लिहितोय, म्हणजे तिला वाटावं काम संपायचं आहे. काम कधीच संपलंय. चार दिवस मी तुमच्या मुलाने डोळे उघडावेत म्हणून दिसेल त्या देवाला हात जोडले, उस्ताद, आणि नर्सने ते सांगितलं तेव्हा मला आधी भीती वाटली. आनंद झाला, पण नंतर.