तीन आंधळ्या खिडक्या

सोमवार, ५ ऑक्टोबर १९०८

आले बाई एकदाची थॉर्नकोट हॉलला, लॉर्डांच्या या बड्या घरी. टपालाच्या घोडागाडीने हाडं खिळखिळी केली, पण मजा आली. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी नात टॅबिथा लिहिते. इथेच मोलकरीण आहे ती, चोवीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखं, स्वभाव मात्र फार गरीब. तिला बजावलंय, माझ्या तोंडून निघेल ते सगळं उतरवायचं, गाळायचं काही नाही. आत्ता हसली. तेही लिही गं.

मला काम दिलंय पिसं निवडून उशा भरायचं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जग दुधातून पाहिल्यासारखं दिसतं. पण पिसांना डोळे लागत नाहीत, बोटं लागतात.

आता या घराचं ऐका. माझा नवरा जेबेझ, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, चाळीस वर्षं गवंडी होता. त्याच्यामुळे मला भिंत वाचता येते. पुढच्या सहा खांबांना गाडीवाला संगमरवर म्हणाला. मी काठीने ठोकून पाहिलं. लाकूड! आतून पोकळ, वरून रंग, ढोलासारखे वाजले. दर्शनी बाजूला सतरा खिडक्या, त्यांतल्या वरच्या तीन खोट्या. मागे खोलीच नाही. रांग सारखी दिसावी म्हणून विटांवर काचा नि पडदे रंगवलेत. डावीकडच्या खिडकीत तर पांढरे हातमोजे घातलेला एक नोकरही रंगवलाय, असं टॅबी सांगते. मधली आणि उजवी रिकामी. आणि असल्या सोंगापुढे लोक टोप्या काढतात! जेबेझने असली भिंत बांधली असती तर मी त्याला त्या रात्री जेवायला वाढलं नसतं.

बुधवार, ७ ऑक्टोबर

आणखी एक तमाशा. दुपारी चारला घंटा होते आणि सगळे नोकर हातातलं टाकून भिंतीकडे तोंड करून उभे राहतात, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मालक समोरून आला की नोकराने आपलं थोबाड लपवायचं, ही बड्या घरांची जुनी रीत. पण इथले लॉर्ड जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगा इटलीत उन्हं खातोय. मग हे लपतात कुणापासून?

बटलर पिलबीमला विचारलं. मान इतकी ताठ की कॉलरमध्ये छडी शिवलीय वाटावं. तो म्हणाला, म्हातारे लॉर्ड रोज चारला आपलं घर बघत फिरायचे आणि मरेपर्यंत एकच कुरकुर करायचे, माझ्या तीन खिडक्यांतून कुणी बाहेर बघत नाही. तेव्हा तोंड फिरवा, आजीबाई, आणि प्रश्न विचारू नका. मी म्हटलं, मला एकच मान आहे आणि ती आखडलीय.

स्टुलावर बसून राहिले, समोर बघत. फळ्या वाजल्या; जुन्या घरात वाजणारच. काहीतरी काळपट पुढून गेलं. मोतीबिंदूला सगळंच अंधुक. माझ्यापाशी ते जरा थांबलं, मग पुढे गेलं. मी जांभई दिली.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

धोबीखान्यातली डॉर्कस मला आवडली. खिदळते खूप. तिला म्हटलं, काय गं, मान काय पिलबीमकडे गहाण ठेवलीयस? ती म्हणाली, उद्या बघाच आजी, सरळ तोंडावर विचारते लॉर्डसाहेबांना, चहात साखर किती घालू. टॅबीला हे आवडलं नाही. तिने माझा हात दाबला. ही पोर सावलीलाही वाट देईल.

शनिवार, १० ऑक्टोबर

चार वाजता डॉर्कस माझ्या शेजारीच उभी होती. फिरली नाही. फळ्या वाजल्या. ती हसायला लागली आणि हसू मध्येच तुटलं, कात्रीने दोरा कापावा तसं.

पिलबीम म्हणतो, आईकडे गेली. तिचे बूट इस्त्रीच्या टेबलाखाली आहेत. मी हात घालून पाहिलं. आत अजून ऊब होती.

रविवार, ११ ऑक्टोबर

चर्चहून परतताना टॅबी अंगणात थिजली. मधल्या खिडकीत कुणीतरी रंगवलंय म्हणते. टोपी, एक बाही वर सरकवलेली, तोंड उघडं. मी म्हटलं, आधीच असेल. ती म्हणाली, नव्हतं, आजी. बागवानाची शिडी लावून तिने बोट लावलं.

रंग ओला.

आता कळलं. ज्याने त्याला पाहिलं, तो खिडकीत. माझ्या डोळ्यांत दूध, म्हणून मी राहिले. आणि त्या पोरीला मी डिवचलं. मी. गाळू नकोस.

सोमवार, १२ ऑक्टोबर

आजच निघू म्हटलं. टॅबी म्हणते, शिफारसपत्राशिवाय नोकरी सोडलेल्या मोलकरणीला कुणी दारात उभं करत नाही, आयुष्यभर भांडी घासत मरावं लागेल. पिलबीम उद्या पत्र देणार आहे. एका कागदासाठी! ती रडली. मग मीही थांबायला कबूल झाले — व्हायला नको होतं.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

पिलबीमने चारला पाच मिनिटं असताना उशांच्या खोलीत बोलावलं. पत्र तिथेच देतो म्हणाला. आम्ही आत आलो आणि कडी बाहेरून लागली.

मेल्या पिलबीमा!

दाराआडून म्हणतो, माफ करा, एकच खिडकी उरलीय. ती भरली की आम्ही सगळे सुटलो. आवाज रडका. सहा खांबांसारखाच पोकळ मेला.

या खोलीत भिंतच नाही. चारी बाजूंना कपाटं, काचेची दारं. कुठेही तोंड फिरवलं तरी काचेत खोली दिसणार. डोळे मिटून राहत नाहीत म्हणते टॅबी, आपोआप उघडतात. म्हणून म्हटलं, वही काढ. नजर कागदावर. मी बोलते, तू लिही. शेवटपर्यंत.

घंटा झाली —

लिहीत राहा. मी, बड्या घरांच्या रीतींना जन्मभर हसलेली बाई, सांगते, मान खाली घाल. खाली, पोरी.

फळ्या —

आत आलाय. काळपट. ऐक रे भामट्या, माझ्याकडे बघ, मला ने, खिडकीत म्हातारी काही वाईट दिसत नाही — सरकला. टेबलापाशी. लिही. काहीही लिही. पिसं, उशी, पिसं —

संपलं, बाळ. गेला तो. वर बघ.

हे मी नाही बोलले! टॅबी, हा माझा आवाज आहे पण मी — हे उतरवू नकोस —

सगळं उतरवायचं, गाळायचं काही नाही. वर बघ गं.

मी नाही! माझं तोंड मिटलेलं — माझा हात धर, हा, हा खरा, गरम लागतोय ना — खाली बघ —

हात धरलाय ना, बाळ. मग आता व