बेडूक वाळला कसा

अरे, माझी आज सकाळची पाळी आहे. चहा थर्मासमध्ये आहे. उठल्यावर आधी माशांच्या टाकीत डोकावून बघ.

मासे चांगले गलेलठ्ठ झालेत आणि बेडूक पार काटकुळा. तू म्हणतोस, रोज दुपारी कारखान्यातून येऊन त्याला चिमट्याने अळ्या भरवतोस. त्याला धड दिसत नाही, वासावरच खातो. अळी तोंडाशी दहा मिनिटं धरली नाही तर मासे पळवतात. मग भरवलेलं जातंय कुठे? मला वाटतं, कोणीतरी वरून अळ्या टाकून पसार होतंय.

सोमवारी मी चिमट्यावर माझा एक केस ठेवला होता. आज गुरुवार, केस जागचा हललेला नाही. तुझी जेवणाची सुट्टी मात्र तासाभराची आणि घर पाच मिनिटांवर.

मी भांडत नाहीये. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे, आज बेडकाला मीच भरवीन. म्हणजे दुपारी तू मोकळा. रोज जातोस तिथेच जा, फक्त कुठे ते या कागदाच्या मागे लिहून ठेव.