कापसाचे बोळे

३ जुलै, बुधवार

पहिलं तर हे, की झाडायधुवायले ठेवलेल्या बाईले रोज वही लिहायले लावणं हा कुठचा कायदा? मी चौथी शिकलेली, साठी उलटलेली. पण इथल्या लॅबचे अंकुर सर म्हणे, भागीरथा आजी, काय धुतलं, काय फेकलं ते रोज लिहायचं, मी वाचून सही करत जाईन. बरं बाप्पा, लिहिते.

आता नमस्कार. शेंदूरजनाघाटहून परवा अकोल्याले आली, नात आचलले घेऊन. तिची माय सीमा बडनेऱ्याले कामाले हाय, म्हणून पोट्टी शाळेपुरती माह्यापाशी. जागा झकास. डोक्यावर पंखा, प्यायले थंड पाणी, चहा दोनदा. काचेच्या बाटल्या धुवायच्या, तोंडाले कापसाचे बोळे लावून द्यायचे. संत्र्याच्या पेट्या उचलण्यापेक्षा लाख बरं.

५ जुलै, शुक्रवार

माहेनूर नावाची पोरगी बाटल्या भरते. तिले विचारलं, काय वाढवून राहिल्या यात? म्हणे, बोंडअळीचं मांस, आजी. अळी नाई, नुसतं तिच्या आतलं मांस, गुलाबी रसात. मंग त्याच्यावर फवारणीचं औषध टाकून पाहतात.

अंगाची आग झाली माह्या. चाळीस वर्षं कापसाच्या पऱ्हाटीतली हीच अळी मी बोटानं चिरडली, अन् हे तिले जावयासारखं पोसून राहिले! माहेनूर हसली. म्हणे, मारायसाठीच पोसतो न आजी.

बाटलीत तांदळाच्या कणीएवढे गोळे. डोळा लावून पाहिलं तर धडधडत होते. ना डोकं, ना पाय, ना पोट. तरी धडधड.

११ जुलै, गुरुवार

वापरलेले बोळे मोठ्या कुकरात शिजवून मंगच फेकायचे, असा नियम. कुकरचं रबर गेलं. सर म्हणे, तसेच फेका. पांढराशुभ्र कापूस उकिरड्यावर! श्रावणात मले देवाले लाख वाती वाहायच्या हायेत. सरले तोंडावर विचारलं, घरी नेऊ का? म्हणे, न्या, त्यात जे असते ते मेलेलंच असते. हे मी लिहून ठेवून राहिली. आठ दिवसांत एक सही नाई वहीवर. वाचता की नाई, सर?

१८ जुलै, गुरुवार

बाटल्या धुतल्या. बोळे नेले.

आठवडाभर आचल अन् मी वाती वळून राहिलो. बोटाले दुधाचा थेंब लावला की वात घट्ट बसते. पोट्टीचा हात माह्याहून चलाख. आज डबा उघडला तर सरळ रचलेल्या वाती सगळ्या वाकड्या, एकमेकीत गुंतलेल्या. म्हटलं, हवा दमट हाय. आचल म्हणे, आजी, बोटं लय खाजतात.

२२ जुलै, सोमवार

पोट्टीच्या नखांखाली गुलाबी झालं. बोट दाबून धरलं मी. मनगटातली नाडी वेगळी चालते, बोटातली वेगळी. ती दुसरी चाल मी ओळखते. बाटलीतली.

डबा चुलीत घातला. जळताना वाती आखडल्या, जशी अळी आखडते.

सरले सांगितलं. म्हणे, ॲलर्जी असेल, उगा बोभाटा करू नका. बोभाटा! तुह्या पोरीच्या नखात घाल मंग हे, अन् बस पाहत!

२४ जुलै, बुधवार

दवाखान्यात. तळहातापर्यंत गेलं. डॉक्टरीणबाई म्हणे, रसात काय काय मिसळतात ते कळल्याशिवाय औषध देता येत नाई. मनगटाच्या वर गेलं तर हात काढावा लागेल. नऊ वर्षांची पोट्टी माही.

सरले फोन केला. म्हणे, कापूस तुम्ही चोरला. अन् अकरा तारखेचं पान फाडून वही परत आणा. म्हणजे वाचत होता मुडदा! वाचत होता अन् सही करत नव्हता —

माहेनूर खाटेपाशी रडून राहिली. रस सर एकटेच मिसळतात, दार लावून. तिले ठाऊक नाई —

२५ जुलै, सकाळ

दुधाचा वास आला की पोट्टीची बोटं वळतात. झोपेतही. वात वळून राहिली — कापूस नाई, काही नाई, नुसती हवा —

माह्या अंगठ्याच्या भेगेतही हाय. दुखत नाई. म्हणून कळलं नाई मले —

२५, दुपार

पान फाडलं नाई. फाडणारही नाई. वही माहेनूरच्या हाती डॉक्टरीणबाईले देते.

मी हात थांबवला तरी तो चालून राहिला. ही शेवटची अक्षरं माही, मंग —

पोट्टीले काही विचारू नका. माहेनूरले नाई. मले तर नाईच. अंकुर सरले धरून आणा इथं, खाटेपाशी. रसात काय घातलं ते त्याच्याच तोंडून वदवा. त्यानंच जवाब द्यायचा, आत्ता, मनगट ओलांडायच्या आत, त्यानं —