कुंपणाकडचा माणगा

१८ जुलै
प्राजक्ताचं लग्न ठरलं. पावस गावचे आहेत, हापूसची बाग. लांजा स्टँडवर तिच्या भावाच्याच, संदेशच्याच तोंडून ऐकलं. मी कोणीच नसल्यासारखा सांगत होता. तिचा भाऊ म्हणून सोडला. गेल्या महिन्यात तीच म्हणाली होती, "आधी कॉलेज पुरं कर, मग अण्णांशी बोलते." सरांशी भांडून दुसऱ्या वर्षातनं उठून मामाच्या बांबूच्या बागेत आलो, तेव्हा मोठी मर्दुमकी वाटली होती.
दिवसभर बेटांतले वाळके बांबू काढले. चिडून. हात कापला.

२० जुलै
मामाचे मुंबईचे पाहुणे. मीच फिरवलं. महाबांबूचा कोंब बघून बाई ओरडल्याच, कळशीएवढा. म्हटलं, हा आत्ता जेवढा जाड तेवढाच राहणार, आता नुसता वर जाणार. मग जावाचा काळा, पिवळ्यावर हिरव्या रेघांचा, आसामचा भालुका, कोंब खातात तो मखमली गाठींचा. मामानं कुठून कुठून आणून लावले, आणि मी बोलतो असा की माझ्याच बापाचे. एकानं विचारलं, "कुंपणाकडचे ते बारके कसले?" म्हटलं, काही नाही, माणगा. इथलाच.
प्रा.ला काळं बेट आवडायचं.

२२ जुलै
सकाळी संदेश आला. कोयता हातात, पाऊस धो धो. म्हणाला, "दोन माणगे तोडतो रे." एवढंच. डोळे लाल. मला वाटलं रात्री प्यायला बसला असेल. डोकं सटकलं. म्हटलं, "बहिणीच्या मांडवाला काय? पावसवाल्यांच्या बागेत बांबू नाय? इथला एक मिळायचा नाय." तो बघतच राहिला. गेला.
मला वाटलं, जिरवली.
मग मामा लांज्याहून आला तो गेटातूनच ओरडत. "अरे, प्राजक्ताचे अण्णा गेले पहाटे! झोपेतच. संदेश आलेला ना? बांबू दिलास ना?"
मी

२३ जुलै
काल मामा स्वतः दोन माणगे खांद्यावर टाकून धावला. उशीर झाला होता. वाडीतला माणगा मेमध्येच ट्रकनं घाटावर गेलेला, म्हणून त्यांनी गोठ्याच्या छपराचे दोन जुने बांबू काढून तिरडी बांधली. व्हाळाच्या, ओढ्याच्या उतारावर एक कडाडला. अण्णा पडले नाहीत. चौघांनी खालून हात लावले, तसेच नेले शेवटपर्यंत.
मी गेलो नव्हतो. काळ्या बेटात बसून होतो.
मामा शिव्या देईल वाटलं. एवढंच बोलला, "माणगा कुंपणाला का लावला मी? कोणाला विचारायला लागू नये म्हणून. मयताला नाय म्हणणारं घर झालं आपलं."
माणगा भरीव. काटा नाही, खांद्याला बसतो. माझे सगळे कळशीएवढे राक्षस आतून पोकळ. तिरडीला त्यातला एकही चालला नसता.

२५ जुलै
काय केलं मी हे.
वाटलं, काहीतरी करायलाच हवं. दोन माणगे निवडले, जून, सरळसोट. फांद्या साफ केल्या आणि त्यांच्या खळ्यात, दारासमोर नेऊन ठेवले. माफी म्हणून! काकीनं, तिच्या आईनं, दारातनं बघितलं आणि मटकन खाली बसली. प्रा. बाहेर आली. आधी बांबूंकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आता कोणाला न्यायला आणलेस?"
तेव्हा अक्कल आली. सुतकाचं घर, आणि दारात दोन बांबू.
संदेशनं कॉलर धरली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "उचल. जा."
आपल्या घरी तरी कसे आणणार? व्हाळात सोडले.

२८ जुलै
दुकानात बाबलकाका सगळ्यांसमोर, "काय रे मेल्या, तुझे कळशीएवढे बांबू फोटोलाच बरे. आम्ही मेलो की लांज्यातनं पाईप आणू." सगळे हसले. मीपण हसलो. का हसलो?
पूर्वी हाणला असता. आता रागच येत नाही.
वानरांनी काळ्याचे दोन कोंब मोडले. समोर. उठलो नाही.

३१ जुलै
साखरपुडा पुढे ढकलला म्हणतात. ऐकून आत कुठेतरी बरं वाटलं. तिचा बाप गेलाय, आणि मला बरं वाटतंय. शी.
आईचा रत्नागिरीहून फोन, "ये निघून." बॅग भरली. मामा दारात. "पळायचं तर तेरावं झाल्यावर पळ."

३ ऑगस्ट
तेरावं. म्हटलं, मला कुणी बोलावलं नाय. मामा म्हणाला, "आवतण घराला असतं. तुझं वेगळं कशाला येईल? चल."
पंगतीत बसलो. शेजारी बाबलकाका, त्यांनी आपलं पान जरा पलीकडे ओढलं. मी मान खाली. भात वाढायला प्रा. आली. हातावरनं ओळखली, मनगटाजवळ भाजल्याचा डाग. एक मूद पडली. पुरे म्हणायला तोंड उघडेना. दुसरी. तिसरी. भात पानाबाहेर सांडायला लागला तरी ती वाढतेच आहे. मग हात थांबला. थोडा वेळ तशीच उभी होती. मग गेली.
सगळा खाल्ला. शेवटी शेवटी पाण्याबरोबर उतरवला, पण शीत ठेवलं नाही. रागानं वाढत होती की कशी, ते मान वर केली असती तर कळलं असतं.